अपघाताचे फोटो आहेत, तरी चौकीत म्हणतात काही कळत नाही. मदत हवी आहे

रस्तापेठी: काल संध्याकाळी नवले पुलाच्या उतारावर टेम्पोने गाडी घासली. अकरा फोटो काढलेत. आज चौकीत दाखवले तर साहेब म्हणाले, "यात कोण कुठे होतं ते दिसतच नाही." टेम्पोवाला लेन कापल्याचा दोष माझ्यावरच ढकलतोय. पत्रा चेपलेला स्पष्ट दिसतोय, अजून काय पाहिजे? उद्या परत बोलावलंय. लवकर सांगा.

सह्याद्रीवेडा: अकरात टेम्पोचे किती? गाड्या हलवायच्या आधीचे की नंतरचे? विमा फुल आहे की नुसता थर्ड पार्टी (फक्त समोरच्याचं नुकसान भरणारा)?

रस्तापेठी: दहा माझ्या दारांचे, एक टेम्पोच्या नंबर प्लेटचा. मागून हॉर्न वाजायला लागले म्हणून आधी गाड्या कडेला घेतल्या. विम्याचा काय संबंध? चूक त्याची आहे.

जुनी_फियाट: संबंध आहे. फुल विमा असेल तर चूक कोणाचीही असो, दुरुस्ती आपल्या विम्यातून होते, पण नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) जातो. मी तेच केलं, चौकीच्या वाऱ्या वाचल्या.

रस्तापेठी: थर्ड पार्टीच आहे. गाडी बारा वर्षांची.

जुनी_फियाट: अहो, मग हे पहिल्याच ओळीत लिहायचं ना!

उजवी_लेन: डॅशकॅम (गाडीत लावायचा कॅमेरा) घ्या. पुढचा-मागचा दोन्ही. मेमरी कार्ड मात्र चांगलं घ्या, उन्हाने खराब होतात.

सह्याद्रीवेडा: त्याने कालचं काय दिसणार? धागाकर्त्याला उद्या चौकीत जायचंय.

पत्रेवाली: माझं डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज आहे. दादा, गाडी धुऊ नका आणि कोणाला पॉलिशही मारू देऊ नका. ओरखड्यात टेम्पोचा रंग चिकटलेला असेल, त्याचा फोटो शेजारी टेप धरून काढा. ओरखड्याची उंची जमिनीपासून मोजा. टेम्पो चौकीत असेल तर साहेबांना विचारून त्याच्या बंपरचीही तशीच मोजा आणि तिथे तुमचा रंग लागलाय का बघा. दुसरं, ओरखडा कुठून कुठे गेलाय? टेम्पो मागून वेगात येऊन घासून पुढे गेला असेल तर मार मागच्या दारापासून सुरू होऊन पुढच्या दाराकडे सरकतो. तुम्ही वेगात येऊन त्याच्यात घुसला असता तर उलटं. नुसत्या चेपलेल्या पत्र्याच्या दहा फोटोंत हे दिसत नाही. एक फोटो पूर्ण बाजूचा, एक कोपऱ्यातून, मग जवळचे.

रस्तापेठी: ताई, मागच्या दाराच्या हँडलपासून सुरू होतो आणि पुढे आरशापर्यंत जातो. निळा रंग लागलाय, माझी गाडी पांढरी. आरसा तुटून पडला.

पत्रेवाली: मग हेच सांगा ना साहेबांना!

कोर्टाचा_अनुभव: फोटो व्हॉट्सॲपवर पाठवून मोबाइलमधले डिलीट करू नका. तसा पाठवला की फोटो लहान होतो, वेळ-तारखेची माहिती निघून जाते. पाठवायचाच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. कोर्टात पुरावा कायद्याच्या कलम ६५बीचं प्रमाणपत्र (फोटो कुठल्या मोबाइलमधून आला त्याचं) लागतं.

सह्याद्रीवेडा: ते जुनं. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३.

कोर्टाचा_अनुभव: कलम बदललं तरी प्रमाणपत्र लागतंच. मुद्दा तोच आहे.

जुनी_फियाट: कोणाला लागलं का? हे अजून कोणीच विचारलं नाही.

रस्तापेठी: आई मागे बसली होती. मनगट सुजलंय. बाम लावलाय.

जुनी_फियाट: हे तुम्ही आत्ता सांगताय? आधी आईंना डॉक्टरकडे न्या, एक्स-रे काढा. अपघातात लागलंय असं डॉक्टरांना सांगा, तशी नोंद करून घ्या. फोटो नंतर. गुन्हा नोंदवताना दुखापतीचं लेखी द्या. भरपाईसाठी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जायचं झालं तर सहा महिन्यांत जावं लागतं.

सह्याद्रीवेडा: आणि उजाडल्यावर जागेवर जाऊन या. दुरून दोन-तीन फोटो, त्यात पूल, दिव्याचा खांब, पाटी असं काहीतरी हललेलं नसणारं यायला हवं. टायरच्या खुणा दिसल्या तर त्याही. पण रस्त्यात उतरू नका, उतारावर ट्रक थांबत नाहीत. आसपास पेट्रोल पंप असेल तर सीसीटीव्ही आजच विचारा, जुनं रेकॉर्डिंग पुसलं जातं.

उजवी_लेन: पंपवाले देत नाहीत. म्हणून डॅशकॅम.

रस्तापेठी: काल रात्रीच आईला नेलं. मनगटाला बारीक फ्रॅक्चर आहे, प्लास्टर घातलं. सकाळी साडेसहाला जागेवर गेलो, भाऊ झेंडू रंगाचं जाकीट घालून मागे उभा होता. आरशाच्या काचा डाव्या लेनमध्ये पट्टीपासून हातभर आत पडल्यात, मागे दिव्याचा खांब येईल असे कडेनेच फोटो घेतले.

सह्याद्रीवेडा: छान. पण दोन रात्री गाड्या गेल्यात, काचा सरकतात. आज सकाळचे फोटो आहेत हे स्वतःहून सांगा, अपघाताच्या वेळचे म्हणून देऊ नका.

रस्तापेठी: सांगतो. पंपाचा मॅनेजर म्हणाला, पोलिसांचं पत्र आणा, रेकॉर्डिंग बाजूला काढून ठेवतो. आता चौकीत निघालोय. पत्रासाठी अर्ज कसा लिहायचा, कोणी नमुना देईल का?

बावधनकर_काकू: त्या उताराला सर्व्हिस रोडने जाता येतं का? आम्हाला रविवारी साताऱ्याला जायचंय.