'पॉवर' म्हणजे विशालन, शक्ती की पट? आणि 'काच चांगली' म्हणजे नेमकं काय?

प्रश्न:
लांब पल्ल्याच्या शिकारीसाठी रायफलवरचा स्कोप, म्हणजे नेम धरायची दुर्बीण, कशी निवडायची यावर मराठीत लिहितोय आणि दुसऱ्याच वाक्याला गाडी अडली. मॅग्निफिकेशनला काय म्हणू? बोलताना सगळे पॉवरच म्हणतात, दहा पॉवरचा, पंचवीस पॉवरचा. कोशात बघितलं तर वर्धन, विवर्धन, विशालन अशी रांगच लागलीये. आणि ग्लास क्वालिटी? 'काचेचा दर्जा' लिहिलं की खिडकीची तावदानं डोळ्यासमोर येतात. सुचवा कोणीतरी.

उत्तर:
विशालन घ्या, शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात तोच आहे. फक्त पॉवरला 'शक्ती' लिहू नका हां, भिंगाची शक्ती डायॉप्टरमध्ये मोजतात, म्हणजे आपला चष्म्याचा नंबर, स्कोपवरच्या आकड्याशी त्याचा संबंध नाही.

उत्तर:
विशालन बरोबरच आहे पण वाचताना घशात अडकतं. साधं 'पट' का नको? दहापट स्कोप, चार ते सोळा पट स्कोप. अर्थही लगेच कळतो, दहापटीत ५०० मीटरवरचं हरीण नुसत्या डोळ्याला ५० मीटरवर दिसेल तेवढं दिसतं, बास.

आणि लिहिताय तर हेही लिहा की पट वाढली की स्कोप जास्त चांगला होतो असं काही नाही. वस्तुभिंगाचा (पुढच्या मोठ्या भिंगाचा) व्यास भागिले पट, जे उत्तर येईल तेवढ्या मिलिमीटरची उजेडाची चकती डोळ्यात शिरते. ५० मिमीचं भिंग २५ पटीवर फिरवलंत की चकती २ मिमीची, आणि ८ बाय ५६ मध्ये, म्हणजे ८ पट आणि ५६ मिमीचं भिंग, ती ७ मिमीची. अंधारात तरुण माणसाची बाहुली साधारण ७ मिमीपर्यंत उघडते, वय झालं की कमी. जनावर बाहेर पडतं ते दिवस उजाडताना नाहीतर मावळताना, तेव्हा २५ पटीत बघणारा माणूस काळोखात चाचपडत असतो आणि बाजूचा ८ पटीवाला शिंगं मोजत असतो. शिवाय पट दुप्पट केली की दिसणारा पट्टा निम्मा होतो, जनावर दोन पावलं सरकलं की गायब, मग शोधत बसा. श्वास आणि नाडीचा हेलकावाही तेवढाच मोठा होऊन दिसतो. हरणाचा वर्मभाग साधारण २०-२५ सेंटिमीटरचा, त्याला ३००-४०० मीटरवर १० ते १२ पट माझ्या मते भरपूर झाली. वरची पट कागदी निशाण्यावर ठीक आहे.

उत्तर:
एक आगाऊपणा, मिराजला मृगजळ लिहू नका, वाचकाला वाळवंटातलं पाणी आठवतं. नेमबाजांना अभिप्रेत असते ती तापलेल्या जमिनीवरची थरथरती हवा, जास्त पटीत ती उकळल्यासारखी दिसते आणि जनावराची कडाच जागेवर राहत नाही. 'हवेची लहर' बरं पडेल.

उत्तर:
काचेबद्दल. 'भिंगांचा दर्जा' लिहा, पण तेवढ्यावर सोडू नका, कारण लोक 'क्लिअर' म्हणतात तेव्हा त्यात तीन वेगळ्या गोष्टी कोंबलेल्या असतात. बारीक तपशील सुटा दिसणं, त्याला शास्त्रात विभेदन. उठाव, म्हणजे सावलीतलं करडं जनावर करड्या झुडपापासून वेगळं दिसणं. आणि उजेड. दुकानात दिव्याखाली बहुतेक स्कोप उजळच दिसतात, फरक पडतो तो उठावात, तोही संध्याकाळी सावलीत बघितल्यावर.

उजेडाचा हिशोब भिंगांवरच्या पातळ लेपावर (कोटिंगवर) आहे. लेप नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के उजेड परत फिरतो, स्कोपमध्ये असे पृष्ठभाग १० धरले तरी एक तृतीयांश उजेड गेला, आणि तो नुसता जात नाही, आतल्या आत उड्या मारून चित्र धुरकट करतो म्हणजे उठावही गेला. झाइस या जर्मन भिंगांच्या कंपनीतल्या स्माकुलाने १९३५ मध्ये परावर्तन कमी करणाऱ्या लेपाचं पेटंट घेतलं ते याचसाठी. आता खोक्यावरची भाषा बघा. 'कोटेड' म्हणजे कुठल्यातरी पृष्ठभागावर एक थर, 'फुली कोटेड' म्हणजे हवेला लागणाऱ्या सगळ्यांवर एकेक, 'मल्टिकोटेड' म्हणजे काहींवरच अनेक थर, आणि 'फुली मल्टिकोटेड' म्हणजे सगळ्यांवर अनेक. हे मराठीत एकलेपी-बहुलेपी करता येईल, पण 'सर्व' की 'काही' हे सांगितलंच पाहिजे, गोम तिथेच आहे.

ईडी (एक्स्ट्रा-लो डिस्पर्शन) काच म्हणजे कमी अपस्करणाची, उजेडातले रंग कमी फाकवणारी. उजळ आभाळावर काळी फांदी बघा, कडेला जांभळी-हिरवी झालर दिसली तर समजा रंग एका ठिकाणी येत नाहीयेत. जास्त पटीत ही झालर फार खुपते, म्हणून हलक्या काचेचा २५ पट घेण्यापेक्षा त्याच पैशात चांगल्या काचेचा १२ पट घ्यावा असं माझं ठाम मत.

प्रश्नकर्ता:
वा, भरपूर झालं. ट्विलाइट फॅक्टरला, म्हणजे कमी उजेडात स्कोप किती कामाचा ते सांगायला देतात त्या आकड्याला, 'संधिप्रकाश अंक' चालेल ना?

उत्तर:
शब्द चालेल, अंक चालत नाही :) पट गुणिले व्यास आणि त्याचं वर्गमूळ. ८ बाय ५६ चा येतो २१, २५ बाय ५० चा ३५. म्हणजे कागदावर २ मिमीच्या चकतीवाला जिंकला. काचेचा, लेपाचा यात उल्लेखच नाही.

उत्तर:
रेटिकलला, म्हणजे स्कोपमधल्या नेमाच्या रेघांना, 'फुली' म्हणा (वरच्या 'फुली कोटेड'मधली नव्हे), बंदूकवाल्यांना लगेच कळेल. स्कोपची ३० मिमी व्यासाची नळी जास्त उजेड देते असं मात्र लिहू नका, तिचा मुख्य फायदा फुली वरखाली सरकवायला जास्त वाव मिळणं हा. आणि फर्स्ट-सेकंड फोकल प्लेनचा (फुली स्कोपमध्ये पुढे बसवलीय की मागे याचा) घोळ सांगा, सेकंडमध्ये फुलीवरच्या, लांबच्या निशाण्यासाठी नेम किती वर धरायचा ते दाखवणाऱ्या खुणा एकाच पटीला खऱ्या असतात, बहुधा सगळ्यात वरच्या. तुम्ही उजेड कमी म्हणून २४ ची पट १२ वर आणली की प्रत्येक खूण निशाण्यावर दुप्पट अंतर दाखवणार, त्याच खुणेने नेम धरला तर गोळी पाठीवरून जाईल.