मदत हवी आहे: बांधावरच्या 'छोटा कल्प' या निळ्या फुलाच्या झाडाचं बी उगवत नाही, आणि 'गावजबान' लावा म्हणणाऱ्याचं काय करू?

नमस्कार मंडळी,

धारूरकडं (जि. बीड) आमची कोरडवाहू जमीन आहे. खाली काळी, वरच्या अंगाला मुरमाड बरड. त्या बरडावर बांधाकडेनं पावसाळ्यात गुडघ्याएवढं झाड येतं. पानं खरबरीत, हात फिरवला की लव टोचते, म्हणून शेळीसुद्धा तोंड लावत नाही. फूल उमलताना फिकट निळं, मग गुलाबीकडं झुकतं, आणि कायम मान खाली घालून. फुलामागच्या हिरव्या पाकळ्यांना बुडाशी कानासारखी टोकं आहेत. पुस्तकात बघून छोटा कल्प, संस्कृतात अधःपुष्पी, एवढं ठरवलंय.

मला ते वाढवायचंय मधमाश्यांसाठी. पोटावर निळे पट्टे असलेली ती जाडजूड माशी फुलाला खालून उलटी लटकते आणि अंग थरथरवून पराग झाडून घेते. तास-तास बघत बसावं. शेताच्या एका कडेला मोसंबी, पलीकडं कारळं असतं. या माश्यांना वर्षभर इथंच रोखून धरायचंय.

अडचण अशी की कोकोपीट भरून ट्रेमध्ये बी टाकलं तर एकही कोंब नाही. बांधावर मात्र न सांगता उगवतं! बी कधी धरायचं, कसं पेरायचं?

दुसरं. एक एजंट गावात फिरतोय. म्हणतो, हीच गावजबान, युनानी औषधवाले पाला उचलतात. आमचं बी घ्या, काळ्यात लावा, माल आम्हीच परत घेऊ. आगाऊ पैसे मागतो, करार साध्या कागदावर. वर म्हणतो, पाल्याचा काढा लिव्हरला चांगला. त्याच्या पाकिटावरचं फूल मात्र चांदणीसारखं, गडद निळं, मधोमध काळा सुळका. ते आमच्या बांधावरचं नाही. कुणाला अनुभव?

प्रतिसाद, परभणी
पाकिटावरचं ते बोरेज. भूमध्य समुद्राकडचं थंडीचं पीक. ब्रिटन-कॅनडात ते बियांच्या तेलासाठी घेतात, पाल्यासाठी नाही. आपल्याकडं हौसेनं परसात लावायचं तर ऑक्टोबर-नोव्हेंबरात थेट जागेवर पेरा. उन्हाचा चटका लागला की संपलं. आणि आपल्या बाजारात गावजबान म्हणून जो पाला येतो तो बहुतेक ऑनोस्मा, हिमालयात उंचावर येणारा. म्हणजे बांधावरचं एक, पाकिटावरचं दुसरं, दुकानातलं तिसरं. कूळ एक, झाडं तीन. तीनही एकच म्हणून विकणाऱ्याला आगाऊ रुपया देऊ नका. खरेदीची हमी असेल तर आधी खरेदीदाराचं नाव आणि दर स्टॅम्प पेपरवर मागा, बघा किती दिवस फिरकतो.

प्रतिसाद, अंबाजोगाई
ट्रेचा नाद सोडा दादा. याचं मूळ सरळ खाली जातं, उपटून लावलं की रुसतं. फूल गळल्यावर मागचा हिरवा भाग फुगतो, आत चार बिया असतात. तो तपकिरी पडायला लागला की कागदी पिशवी बांधा, नाहीतर बी खाली सांडून मोकळं. मृगाच्या आधी बरडावरच दाताळ्यानं जमीन खरवडून फेका, वर बोटभर माती नको, नुसती चोळा. शेणखत, पाणी काही नको. काळ्या रानात गाजर गवत त्याला वर येऊ देत नाही. आणि बांधावर तणनाशक मारत असाल तर बाकी सगळं वाया.

प्रतिसाद, हिंगोली
लागवडीचं बरोबर सांगितलंय, पण काढ्याचं कुणी बोललं नाही. या कुळातल्या बऱ्याच झाडांत यकृताला बाधणारी अल्कलॉइडं असतात, छोट्या कल्पाच्या भाऊबंदांतही. १९७४ च्या सुमारास अफगाणिस्तानात गव्हात याच कुळातल्या भुरुंडीच्या जातीच्या तणाचं बी मिसळलं, त्याची भाकरी खाऊन माणसांचं यकृत निकामी झालं, पोटात पाणी भरलं. आणि हा एजंट त्याच कुळातल्या पाल्याचा काढा लिव्हरला देतोय! जुनी माणसं सांध्याच्या सुजेला मुळाचा लेप लावतात. पोटात मात्र काही जाऊ देऊ नका.

धागाकर्ता
आभार सगळ्यांचे. एजंटाला नमस्कार करून टाकला. आता एकच विचारतो, बरडाच्या खालच्या बाजूला आमची ज्वारी असते. काढणीत याचं बी धान्यात यायला नको, तर किती अंतर सोडू?

प्रतिसाद, हिंगोली
अंतरापेक्षा उतार बघा. बी जड, वाऱ्यानं जात नाही, पावसाच्या लोंढ्यानं जातं. बरड वर आणि ज्वारी खाली म्हणता, तर मधे चर काढा किंवा पट्टा पलीकडच्या उताराला न्या. ज्वारीत एखादं उगवलंच तर फुलात असतानाच उपटा, आणि खळ्यावर कडबा बांधायच्या आधी पेंढीत नजर टाका.