'आनुवंशिक' खोडला, आता काय लिहू?

कोरीपाटी: भाषांतरात अडलोय. २०१७च्या एका अभ्यासात झेब्राफिश या छोट्या माशाचे भ्रूण मिथाइल पारा (पाऱ्याचं विषारी संयुग) मिसळलेल्या पाण्यात ठेवले. पाऱ्याशी कधीच संबंध न आलेल्या त्यांच्या नातवंडांतही अतिचंचलता आणि नजरेतले दोष दिसले. मी 'आनुवंशिक परिणाम' लिहिलं. संपादकांनी खोडलं: जनुकं बदललीच नाहीत, मग आनुवंशिक कसला? शिवाय 'ट्रेस एलिमेंट'ला, म्हणजे अगदी थोड्या प्रमाणात आढळणाऱ्या मूलद्रव्याला, काय म्हणू? त्यात पाराही आला.

शेंदूर: अनुवंशात जनुक कुठून आलं? वंशाला अनुसरून येतं ते आनुवंशिक. शब्द जुना आहे, जनुक कालचं.

तिरकीरेघ: व्युत्पत्ती बरोबर, पण शाळेत आनुवंशिकता शिकलेला वाचक जनुकच समजणार. इथे डीएनएचा क्रम तोच राहतो, त्यावर चिकटलेल्या मिथाइल नावाच्या रासायनिक खुणा बदलतात. सरळ 'एपिजेनेटिक' लिहा.

शेंदूर: देवनागरीत इंग्रजी लिहिणं म्हणजे भाषांतर का? 'अधिजनुकीय' आहे की.

तिरकीरेघ: आहे, फक्त कुणी बोलत नाही.

खुरपी: 'पिढीजात' का नको?

शेंदूर: पिढीजात वैर असतं, धंदा असतो. चंचलता पिढीजात म्हटली की पोरं बापाचं बघून शिकली असं वाटतं.

गुरांचाडॉक्टर: शब्दाआधी पिढ्या मोजा. गाभण मादीला पारा दिला तर ती, पोटातलं पिल्लू आणि नातवंडं ज्यांतून होणार त्या पिल्लातल्या बीजपेशी अशा तीन पिढ्यांना तो एकदमच भिडतो. म्हणजे खरी कसोटी पणतवंडांची. माशाचा भ्रूण बाहेर वाढतो, म्हणून तिथे नातवंडं पुरतात. उलट मेंढीच्या अंगात तांबं कमी पडलं की कोकरू मागचे पाय लटपटतच जन्मतं. मालक म्हणतो वाणातच खोट, आणि नर बदलतो. तो दोष जन्मजात, वंशागत नव्हे. हा फरक दाखवायला मी 'पिढ्यापार' वापरतो.

खुरपी: सातासमुद्रापारसारखं वाटतं. पण चालेल.

कोरीपाटी: आणि ट्रेस एलिमेंट? 'सूक्ष्म मूलद्रव्य' लिहिलंय.

शेंदूर: मूलद्रव्य सूक्ष्म नसतं, प्रमाण अल्प असतं. 'लेशमूलद्रव्य' म्हणा.

तिरकीरेघ: लेश मराठीत नकारासोबतच येतो. 'लेशमात्र शंका नाही.' लेशमूलद्रव्य वाचून ते नाहीच असं वाटेल.

शेंदूर: 'दुःखाचा लेश' ऐकलं नाही कधी?

तिरकीरेघ: ऐकलंय. पुढे 'ही नव्हता' असतं.

गुरांचाडॉक्टर: मुळात झिंक, सेलेनियम शरीराला थोडं लागतंच. पारा कशालाच लागत नाही. दोघांना एकाच शब्दात कोंबताय कशाला?

शेंदूर: थांबा, तिरकीरेघ. 'लेश'चा सकारार्थी वापर शोधून देतो.