माटवीमुळे रान ओरबाडलं जातं? खापर चुकीच्या डोक्यावर फुटतंय

पाणंद

माटवी म्हणजे चतुर्थीला गणपतीच्या मूर्तीवर टांगतात ती फळा-पानांनी सजवलेली लाकडी चौकट. परवाच्या धाग्यावर एकाने लिहिलंय: 'माटवीच्या नावाखाली दर चतुर्थीला रान ओरबाडलं जातं. शहाण्या माणसाने कापडी मखर आणावं, रान रानात राहू द्यावं.' खाली माना डोलावणाऱ्यांची रांग. म्हणून सविस्तर लिहितोय.

माटवीला काय बांधतात ते आधी बघा. आंब्याचा टाळ म्हणजे पानांच्या डहाळ्या, नारळाची पेंड म्हणजे घोस, सुपारीचं शिपटं, केळीचा घड, तवसं, चिबूड, दोडका, तोरिंजन. वजनाने तीन चतुर्थांश माटवी ही परड्यातली आणि मळ्यातली. रानातून येतात ती कवंडळं, शेरवड, हरणं, आयनाची फळं, कांगणी, तेरडा. यातला तेरडा पावसाळी, बी सांडून मोकळा होतो, पुढच्या मिरगात तिथेच उगवतो. शेरवडाचं झुडूप छाटलं की बुडातून दुप्पट फुटतं. कवंडळाचा वेल कमरेच्या उंचीवर कापला तर मूळ जमिनीत शाबूत राहतं. आयनाची फळं काढायला झाड तोडावं लागत नाही, आकडी पुरते.

आणि त्या 'पर्यावरणपूरक' मखराचं काय? 23 मार्च 2018 च्या अधिसूचनेने राज्यात थर्माकोल बंद झाला. त्याच जुलैमध्ये मखरवाले सवलत मागायला उच्च न्यायालयात गेले, ती मिळाली नाही. मग थर्माकोलच्या जागी बाजारात काय आलं? सनबोर्ड आणि फोम शीट. दोन्ही प्लास्टिकच. कापडी म्हणून विकतात ते जॉर्जेट बहुतेक पॉलिस्टर. माटवी विसर्जनानंतर उतरवली की नारळ जेवणात, केळी शिकरणात, टाळ माडाच्या आळ्यात. उरते फक्त चौकट.

साकव

अर्धंच सांगितलंत. कांगणीचं नाव यादीत घेतलंत आणि पुढे तिच्याबद्दल चकार शब्द नाही.

कांगणी म्हणजे मालकांगोणी. मोठा काष्ठवेल, झाडावर चढायला वर्षानुवर्षं घेतो. चतुर्थीला तिचे घोस लागतात ते हिरवे-पिवळे, म्हणजे बी पक्व व्हायच्या आधीचे. घोस शेंड्याकडे असतात, आकडी पोचत नाही. मग विकणारा बुडातच कोयता घालतो आणि वेल खाली ओढतो. पुढे वर्षानुवर्षं त्या झाडावर कांगणी नाही आणि खाली रोपंही नाहीत. कळलावीचंही तेच. कंद राहिला तर ती पुन्हा येते, पण ओल्या मातीत वेल ओढला की कंदासकट हातात येतो.

घरापुरतं कोणी चार फांद्या आणल्या त्याबद्दल मी बोलतच नाही. चतुर्थीच्या आदल्या दोन दिवसांत कुडाळ, कणकवली, सावंतवाडीच्या बाजारात माटवीच्या सामानाच्या मोळ्या रचलेल्या असतात. संध्याकाळी न खपलेल्या गटारात. त्यात कांगणी किती असते ते मोजा. गोव्यात कला आणि संस्कृती संचालनालय माटोळीच्या, म्हणजे तिथल्या माटवीच्या, स्पर्धा घेतं, तिथे जास्तीत जास्त प्रकार लावण्याची चढाओढ. प्रकार वाढवायचे म्हणजे दुर्मीळ शोधायचं. कौतुक करताना हेही लिहा.

खळ्यातून

साकव, कांगणी मोळीवाल्याने संपवली म्हणता, मग बेणणीबद्दल, म्हणजे बागेतलं तण-झुडूप साफ करण्याबद्दल, कोण बोलणार? श्रावण-भाद्रपदात काजूच्या बागेत ग्रासकटर फिरतो. नायलॉनची दोरी किंवा पातं जमिनीलगत. शेरवड, हरणं, कळलावी, तेरडा, कवंडळाचं कोवळं खोड, सगळं एका फटक्यात साफ, नेमकं फुलोऱ्याच्या आधी. पूर्वी कोयत्याने बेणत, तेव्हा माणूस चतुर्थीचं झुडूप बघून बाजूला ठेवायचा. मशीनला डोळे नाहीत. दोडामार्गात डोंगरच्या डोंगर रबराखाली गेले. तिथे एक पान माटवीसाठी कुणी तोडलं नव्हतं. रान माटवीने नाही गेलं, लागवडीने गेलं.

साकव

रबराने जास्त नुकसान केलं म्हणून कांगणी बुडातून तोडणं योग्य ठरत नाही. दोन्ही चूक. मुद्दा फिरवू नका.

शिरवाळ

मोळये इकतले ते आमच्याच वाडयेतले. त्येंका दोन पैशे गावतत तर बाजारात बसून भाव पाडतास आणि हय रानाची काळजी करतास. फुडच्या येळेक सांगा, 'बुडात तोडलेली कांगणी आमका नको.' इकणारो तोडूचो नाय.

रीप आणि खिळा

रानावरून एवढं रण, आणि माटवी टांगायची कशाला यावर कोणीच बोलत नाही. कौलारू घरात वासे होते, पाटई होती, दोर टाकला की झालं. आता निम्म्या घरांवर स्लॅब, खाली जिप्समचं छत. तिथे लोक काय करतात? ड्रिलने भोक, प्लास्टिकची गुट्टी, त्यात स्क्रू-हूक. हे भिंतीवरच्या घड्याळासाठी ठीक आहे. छताला वजन सरळ खाली खेचतं, गुट्टी फक्त घर्षणावर धरून असते, पावसाळ्यात प्लास्टर ओल धरतं आणि गुट्टी सुटते.

वजन जोडा. चार बाय तीन फुटांची माटवी. सहा असोल्या नारळांची पेंड सात-आठ किलो. केळीचा घड बारा ते पंधरा. शिपटं, तवशी, चिबूड मिळून दहा. टाळ, पाला आणि चौकट आणखी आठ-दहा. चाळीसच्या घरात गेलात. चार दोर म्हणजे प्रत्येकी दहा किलो हा हिशेब कागदावरचा. घड ज्या कोपऱ्याला, तिथे वीस किलो येतात.

स्लॅबला धातूचे अँकर फास्टनर, म्हणजे बोल्ट आवळला की भोकात फुगून पकडणारे, 8 मिमी बोल्टचे, चार नग. भोक फास्टनरच्या नळीच्या मापाचंच, सैल झालं की फुगूनही पकडणार नाही. भोकातली धूळ फुंकून काढा. प्लास्टरची जाडी हिशेबात धरू नका, नळी काँक्रीटमध्ये बसली पाहिजे. जिप्सम असेल तर त्याच्या पत्र्याच्या चॅनेलला काहीही अडकवायचं नाही, आरपार भोक पाडून सळई थेट स्लॅबमधून खाली घ्यायची.

पाणंद

विषय माटवीने रान संपतं का हा आहे. फास्टनरसाठी वेगळा धागा काढा.

रीप आणि खिळा

काढणार नाही. मूर्तीच्या बरोबर वर चाळीस किलो लटकतात आणि खाली आरतीला पोरं उभी असतात. यापेक्षा महत्त्वाचं इथे काही नाही.

पोफळबाग

रीप आणि खिळा यांनी स्लॅबचं बरोबर सांगितलं, पण जांभ्याचं विसरले. माजघराच्या दोन भिंतींमध्ये आडवा बांबू ठोकून त्यावर माटवी टांगणारेही पुष्कळ आहेत. जांभ्या चिऱ्यात फास्टनर फुगवला की चिरा आतून भुसभुशीत होतो आणि भोक मोठं होत जातं. चिरेबंदी भिंतीला एकच उपाय, फास्टनर नकोच. चारखांबी मांडव करा. इंचाच्या चौकोनी लोखंडी पाइपचा, उंची साडेसहा फूट, खाली चारी बाजूंनी आडवे पाइप, कोपऱ्यांत तिरप्या पट्ट्या. तिरप्या पट्ट्या टाळल्या तर तो पत्र्याच्या खोक्यासारखा डुलतो. नटबोल्टचा केलात तर माळ्यावर ठेवता येतो.

आणि दोर नायलॉनचा नको. सुंभच.

रीप आणि खिळा

सुंभ? आजच्या बाजारातलं सुंभ हाताने वळलेलं नसतं, मधे जोड असतात, नेमकं जोडावर तुटतं. सहा मिमीचा नायलॉन चाळीस किलोला हसत धरतो.

पोफळबाग

दोर तुटत नाही, गाठ सुटते, हे तुम्हाला कळायला हवं होतं. नायलॉन गुळगुळीत. केळीच्या दांड्याला निरगाठ मारली तरी दांडा सुकून बारीक होतो आणि चौथ्या दिवशी गाठ सरकते. सुंभाला कुसं असतात, ती सालीत रुततात. बांधायच्या आधी अर्धा तास पाण्यात भिजवा, मऊ पडतं आणि गाठ आवळून बसते. बारीक सामानाला सुंभही नको, केवणीचा वाख किंवा केळीचं सोपट.

रीप आणि खिळा

मग चौकट छताला टांगायला नायलॉन, सामान चौकटीला बांधायला सुंभ. एवढं मान्य. पण चौकटीच्या चार दोरांना मी सुंभ लावू देणार नाही.

पोफळबाग

चार दोरांपुरतं चालेल. तिथेही दोन वेढे घेऊन मग गाठ, आणि टोक चार बोटं मोकळं ठेवायचं.

चौकटीबद्दलही एक. पूर्वी ती चुलीवरच्या धुरात ठेवत, भुंगा लागत नसे. आता माळ्यावर दमटात वर्षभर पडून असते. चतुर्थीच्या पंधरा दिवस आधी खाली काढा, जमिनीवर आपटा. पिवळसर पीठ झडलं तर ती रीप बाद. नवीन रीप पोफळीच्या बाहेरच्या टणक भागाची, आतला भेंडा पूर्ण तासून काढायचा. फुटाफुटावर उभ्या-आडव्या बांधल्या की जाळी तयार.

ओटी

तुम्ही सगळे माटवीवाले. पण ज्या घरात माणसं दोन दिवस आधी मुंबईहून येतात, रानात जाणारं कोणी नाही, त्यांनी काय करायचं? त्यांच्यासाठी कापडी मखर योग्यच आहे. ते नीट करा म्हणजे झालं. पॉलिस्टर नको, सुती मांजरपाट किंवा जुन्या सुती साड्या. चार फूट रुंद मागच्या पडद्याला चुण्यांसाठी दुप्पट, म्हणजे आठ फूट कापड. निऱ्या टाचणीने लावू नका, वरच्या काठाला नेफा शिवून त्यात पाइप घाला. धुऊन पुढच्या वर्षी तोच. समई पडद्यापासून दोन फूट पुढे. पॉलिस्टर पेटलं की वितळून ठिबकतं, ते कातडीला चिकटतं. सुतीही पेटतं, म्हणून अंतर दोन्हीकडे पाळा.

एलईडी पट्टीचंही ऐका. मीटरला 4.8 वॉटची 12 व्होल्टची पट्टी असेल तर पाच मीटरला 24 वॉट, म्हणजे 2 अँपिअरचा अ‍ॅडॉप्टर काठावर चालतो, 3 चा घ्या. 14.4 वॉटची असेल तर 72 वॉट, तिथे 6 अँपिअर लागतात. लोक तिलाही 2 चाच लावतात, तो तापतो आणि आरतीच्या मधेच बंद पडतो. शेवटचं टोक मंद दिसत असेल तर दुसऱ्या टोकालाही वीज द्या.

साकव

आणि माटवीवाल्यांनी ओल्या टाळातून 230 व्होल्टच्या स्वस्त माळा ओवायचं थांबवावं. वायरचं आवरण पातळ, पाला ओला, समोर ओल्या हातांनी पूजा. 12 व्होल्ट तरी वापरा, अ‍ॅडॉप्टर चौकटीच्या बाहेर कोरड्यात.

पाणंद

ओटी, कापडी मखराला माझा विरोध नाही. ते बांधून माटवी बांधणाऱ्याला गुन्हेगार ठरवण्याला आहे. दोन दिवसांतही माटवी होते, रान नसलं तरी. टाळ, नारळ, शिपटं, केळी, तवशी, चिबूड एवढ्यावर भरगच्च दिसते. क्रम मात्र पाळा. आधी जड, चार कोपरे आणि मध्य, समोरासमोर वजन जुळवत. मग टिकणारं, म्हणजे आयनाची फळं, कवंडळं, दोडकी. टाळ बांधण्याआधी पाण्यात बुडवून झटका, नाहीतर तांबडे हुमले, म्हणजे मुंग्या, मूर्तीवर उतरतात. तेरडा आणि शेरवड शेवटी, चतुर्थीच्या पहाटे. तेरड्याचे रंग तीन दिवस, हे माटवीत अक्षरशः खरं आहे, आणि शेरवडाची पांढरी पानं दुसऱ्याच दिवशी तांबूस पडतात. रात्रभर बादलीत देठ बुडवून ठेवा.

चिबूड पिकला की फुटतो आणि खाली पडतो, म्हणून त्याला सुंभाचं शिंकं करा, नुसता देठ बांधू नका. घरी दीड दिवसाचा गणपती असेल तर चिबूड पिकत आलेला चालेल, पाच किंवा सात दिवसांचा असेल तर कडक घ्या. केळ्यांचंही तसंच, छताजवळ ऊब असते, घड लवकर पिकतो आणि फणी गळते.

कळलावी लावायचीच तर पोरांच्या हातापासून उंच. सगळी वनस्पती विषारी आहे, कंद सर्वांत जास्त.

साकव

कांगणीचं उत्तर अजून आलं नाही.

पाणंद

देतो. कांगणी माटवीत नसली तर चालते, हे मला मान्य आहे, आणि बुडातून तोडलेली घेऊ नये हेही. शिरवाळ म्हणतात तसं मोळीवाल्याकडे मागणीच थांबवायला हवी. पण यावरून तुम्ही माटवीच बंद करा म्हणालात तर तिथे मी येणार नाही.

साकव

बंद करा असं मी कुठेच म्हटलं नाही, ते परवाच्या धाग्यातलं. माझं म्हणणं मोळीबद्दलच होतं. ज्यांच्या परड्याला कुंपण आहे त्यांनी पावसाच्या सुरुवातीला कांगणीचं रोप कुंपणातल्या भेंडीच्या झाडाच्या मुळाशी लावावं. बी लावणार असाल तर लाल साल काढून ताजंच पेरा, जुनं नीट रुजत नाही.

खळ्यातून

आणि बेणणीवाल्याला आधीच सांगून ठेवा. शेरवड आणि कवंडळाला लाल फडकं बांधलेली काठी, तेवढ्या भोवती दोन हात सोडून मशीन फिरवायचं. तेवढ्यासाठी मजुरी वाढवून कोणी मागत नाही.

रीप आणि खिळा

छताचं भोक मात्र चतुर्थीच्या आठ दिवस आधी पाडा. फास्टनर बसवून पन्नास किलोचं सिमेंटचं पोतं रात्रभर टांगून बघा. सकाळी हूक तिथेच असेल तर माटवी चढवा.