मदत हवी आहे: रास्पबेरी पाय ४ बॅटरीवर, चार्जर काढला की रीस्टार्ट

रास्पबेरी पाय ४ (एका बोर्डवरचा छोटा कॉम्प्युटर) आणि ७ इंची स्क्रीन, लोडवर मिळून ५.१ व्होल्टला २.५ अँपिअर. सध्या १८६५०चे दोन लिथियम सेल पॅरलल, टीपी४०५६ (चार्जिंग मॉड्यूल) आणि बूस्ट (व्होल्टेज वाढवणारं) मॉड्यूल. सेल ३.६ व्होल्टच्या खाली गेले की स्क्रीनवर पिवळी वीज (व्होल्टेज कमी पडल्याची खूण) येते. कारण कळतंय: १२-१३ वॉट बाहेर द्यायला बूस्ट सेलकडून चार अँपिअर ओढतो आणि टीपी४०५६ चार्जिंगला देणार जेमतेम एक. जाड वायर, आउटपुटला १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, दोन्ही करून पाहिलं; फरक किरकोळ. पॉवर बँक कृपया सुचवू नका, चार्जर लावता-काढताना बहुतेकींचं आउटपुट क्षणभर जातंच.

आता २एस पॅक (दोन सेल सिरीजमध्ये), बॅलन्सवाला बीएमएस (सेल सांभाळणारं संरक्षण बोर्ड) आणि ५ अँपिअरचा बक (व्होल्टेज उतरवणारं मॉड्यूल) असं ठरवतोय. १२ व्होल्टचा अडॅप्टर शॉट्की डायोडमधून, बॅटरी पी-चॅनल मॉसफेटमधून (स्विचसारखा ट्रान्झिस्टर) बकला. मॉसफेटचं गेट (चालू-बंद करणारी पिन) अडॅप्टरच्या लाइनवर, १० किलोओहमने ग्राउंडला.

डब्यात उंची २५ मिमी, बजेट १२०० रुपये. सांगलीत लाइट कधीही जाते, त्यामुळे अडॅप्टर गेल्यावर पाय बंद पडता कामा नये. गेट खाली येईपर्यंत मॉसफेटचा बॉडी डायोड (आतलाच डायोड) पुरेल, की बकच्या इनपुटला मोठा कपॅसिटर लागेलच? आणि त्याच १२ व्होल्टवरून ८.४ व्होल्ट, १ अँपिअर सीसी-सीव्ही (आधी स्थिर करंट, मग स्थिर व्होल्टेज) चार्जिंगसाठी कुठला मॉड्यूल वापरलाय कोणी?