घोडीसाठी सप्लिमेंटचे तीन डबे समोर आहेत, कोणता उघडू?

तांबडी_घोडी:
आठ वर्षांची घोडी, वजन अंदाजे ४५० किलो, रोज तासभर हलकं काम. दिवसाला ५ किलो सुकं गवत आणि ३ किलो चंदी, त्यात निम्मे ओट, निम्मा गव्हाचा कोंडा. ओला चारा जवळपास नाहीच. खुरांना चिरा पडतात, नाल टिकत नाही, अंगावर तकाकी नाही. मल्टिव्हिटॅमिन, खुरांसाठी बायोटिन आणि चमकीचं टॉनिक, तिन्ही एकदम सुरू करू का? गाई-म्हशींचं खनिज मिश्रणही पडून आहे, ते चालेल?

टापा:
गाई-म्हशींचं अजिबात नको! तसल्या काही मिश्रणांत मोनेन्सिन नावाचं औषध असतं. गाईला ते मानवतं, पण घोड्याच्या हृदयाचे स्नायू त्याने निकामी होतात, तेही थोड्याशा मात्रेत. आजच तिथून हलवा.

जुना_मोतद्दार:
डबे राहू द्या बाजूला. आधी तोबऱ्यात काय जातंय ते बघू.

कोंड्यात कॅल्शियमच्या आठ-दहा पट फॉस्फरस असतो. घोड्याला हवं उलटं: कॅल्शियम फॉस्फरसच्या दीडपट ते दुप्पट. रोज दीड किलो कोंडा जात असेल तर शरीर हाडांतलं कॅल्शियम ओढून घेतं. त्यावर मल्टिव्हिटॅमिन ओतून काय होणार? आठ-दहा दिवसांत कोंडा हळूहळू कमी करा. त्या जागी किलो-दीड किलो सुकी लसूणघास द्या, तिच्यात कॅल्शियम भरपूर असतं. चाराही कमी पडतोय. वजनाच्या दीड ते दोन टक्के म्हणजे तुमच्या घोडीला ७ ते ९ किलो हवा.

आता लेबलं वाचा. तिन्ही डब्यांत सेलेनियम हे खनिज आहे का बघा. दिवसाला एखाद मिलिग्रॅम पुरतं. फार जास्त झालं तर आयाळ-शेपटी गळते आणि खूर फुटतात, म्हणजे ज्यासाठी डबा आणला तेच दुखणं! सेलेनियमचा एकच डबा ठेवायचा. ओला चारा नाही म्हणून व्हिटॅमिन ई मात्र खरंच लागेल, गवत वाळलं की ते उडून जातं. लेबलवर ‘डीएल-अल्फा’ नको, ‘डी-अल्फा’ बघा, ते अंगी जास्त लागतं.

बायोटिन दिवसाला १५ ते २० मिलिग्रॅम द्या, पण खूर महिन्याला सेंटीमीटरभरही वाढत नाही. चांगला खूर वरून, केस संपतात तिथून उतरत येतो, आधीची चीर सांधली जात नाही. सहा महिने तरी कळ काढा आणि नालबंदाच्या फेऱ्या चुकवू नका.

टॉनिक परत करता आलं तर करा. चमक निम्मी खराऱ्यातून येते, हे कुठल्याच डब्यावर छापत नाहीत.

पशुवैद्य_ताई:
तकाकी गेली की मी आधी लीद तपासते आणि दात बघते. पोटात जंत असतील तर खुराकाचा हिशोब फुकट.

तांबडी_घोडी:
लेबलं वाचली, तिन्हींत सेलेनियम निघालं! मीठ चंदीत घालू की चाटायला खडा ठेवू?

जुना_मोतद्दार:
दोन्ही करा. घोड्याची जीभ गाईसारखी खरखरीत नसते, नुसत्या खड्यावर पुरेसं मीठ जाईलच असं नाही. २५-३० ग्रॅम चंदीत, घाम जास्त आला तर थोडं वाढवून. पाणी कायम समोर हवं.