प्रति: कोथरूडच्या फ्लॅटमध्ये ट्यूब अँप, आवाज चिरका

तुमच्या गिटारच्या ट्यूब अँपमध्ये (काचेच्या व्हॉल्व्हवर चालणारा अँप) रिअ‍ॅक्टिव्ह लोड (स्पीकरच्या जागी अँपची ताकद झेलणारा भाग) आणि आयआर (गिटार स्पीकरच्या आवाजाची डिजिटल नक्कल) आहेत, तरी हेडफोनवर आवाज चिरका येतो असं लिहिलंय. आधी बघा, एक्सएलआर आउटवर (तीन पिनांचं आउटपुट) आयआर खरंच चालू आहे का. गिटारचा स्पीकर साधारण ५ किलोहर्ट्झच्या वरचं बरंच कापतो. आयआर नसेल तर तेच डिस्टॉर्शन कानात टोचतं. उलट आवाज गुदमरलेला असेल, तर अँपमध्ये आणि लॅपटॉपच्या प्लगिनमध्ये असे दोन आयआर लागलेत. एक बंद करा.

दुसरं कारण लेव्हल. लाइन लेव्हलचा (माइकपेक्षा बराच जोरकस) सिग्नल इंटरफेसच्या (लॅपटॉपला आवाज पोचवणारी पेटी) माइक इनपुटमध्ये गेला की तिथला प्रीअँप क्लिप होतो (सिग्नल न झेपून फाटतो) आणि तो आवाजही चिरकाच. लाइन इनपुट वापरा, नाहीतर पॅड (सिग्नल कमी करणारं बटण) लावा. फँटम पॉवर (माइकसाठी केबलमधून जाणारी वीज) बंद. हम (सततची घूं-घूं) आला तर एक्सएलआरचं ग्राउंड लिफ्ट बटण दाबा. पॉवर प्लगची अर्थिंगची पिन मात्र कधीही काढू नका, ट्यूब अँपमध्ये शेकडो व्होल्ट असतात.

स्पीकर काढून वाजवायचं तर आधी मॅन्युअलमध्ये लोड आपोआप लागतो की स्विचने, ते नीट वाचा. लोडशिवाय आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो, आणि तो बदलणं महागात पडतं. शिवाय 'सायलेंट' मोडमध्येही पॉवर ट्यूब पूर्ण राबतात आणि तापतात, म्हणून मागची जाळी भिंतीला चिकटवू नका.

अँपच्या फर्मवेअरचं (आतल्या सॉफ्टवेअरचं) अपडेट पावसाळ्यात लाइट जायच्या वेळी करू नका.